डांगरी, घोंगडी, इरलं आणि साडीवरचा शर्ट : राबणाऱ्यांच्या कपड्यांबद्दल

काजबटण

गेल्या आठवड्यात दुकानात एक मुलगा आला. एमआयडीसीत वेल्डर आहे. हातात कंपनीने दिलेला नवा गणवेश होता, तिसऱ्याच दिवशी आसनात फाटलेला. छातीवर ठिणग्यांची बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकाची कड वितळून कडक झाली होती. बोट फिरवल्यावर लगेच कळलं, कापडात पॉलिएस्टर आहे. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते जळतं, काळं पडतं, झटकलं की राख गळते. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. आसन शिवून दिलं, आतून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालत जा म्हणून सांगितलं. तो गेला, पण माझ्या डोक्यातून काही जाईना. म्हणून हा धागा.

माझे वडील शिंपी. कारखान्यांच्या गेटसमोर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, आता मी ते चालवते. अण्णांनी लग्नाचे सूट कधी शिवले नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर, भट्टीवरचे लोक. माप घेताना ते माणसाला आधी उकिडवं बसायला लावायचे, मग दोन्ही हात वर, मग कमरेत वाक. उभ्या मापावर शिवलेली पँट बसताना आसनात फाटते आणि शर्ट हात उचलला की बगलेत उसवतो, हे त्यांना दुरुस्तीला येणाऱ्या कपड्यांनीच शिकवलं होतं. मग आसनाला चौकोनी कळी, म्हणजे ताण घ्यायला जोडलेला कापडाचा तुकडा, बगलेतही कळी. शिवण चपटी आणि दुहेरी, म्हणजे कापडाची कड आत दुमडून दोनदा टीप. गुडघ्यावर दुसरा थर. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांना हाताने टाके, कारण पाना आणि कॅलिपर ठेवून ठेवून खिसा आधी कोपऱ्यातच सुटतो. आणि कोरं कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही. आटायचं ते आधी आटू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. कारखान्यात आपण ज्याला 'डांगरी' म्हणतो, छातीपासून पायापर्यंतचा सलग कपडा, तो शब्द आपल्याच मुंबईच्या डोंगरीवरून निघाला असं मानतात. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला 'डोंगरी' म्हणत. ते जहाजांच्या शिडांना, तंबूंना जायचं. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला, तिथे 'डंगरी' झाला, पुढे कामाच्या कपड्यालाच ते नाव पडलं आणि ते कपडे घालून चालवायच्या यंत्रांबरोबर शब्द परत आपल्याकडे आला. अण्णांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'डां. १' असं लिहिलेलं असे. त्या दोन अक्षरांमागे एवढा प्रवास असेल असं मला फार उशिरा कळलं.

तुमच्या घरी, गावात, कामावर काय घालत होते? ते कसं केलेलं असे, कुठे फाटे, कसं सांधत? आणि एक प्रश्न मला लहानपणापासून आहे : अण्णांची गिऱ्हाइकं डांगरी शिवून नेत, पण ती घालून कोणी बाजारात जात नसे. पाळी सुटली की कपडे बदलूनच बाहेर. असं का?

साचेखातं

छान धागा. माझे आजोबा लालबागला मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. खात्यात दमट हवा मुद्दाम राखत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणजे आत कायम गरम आणि ओलं, वरून कापसाची पिंज उडत असते, ती घामावर चिकटते. अशा ठिकाणी अंगात बनियन आणि खाली खाकी हाफ पँट, एवढंच. सदरा आणि लेंगा खात्यात खुंटीला. सुटताना अंग पुसून, केस विंचरून, पांढरा सदरा घालून बाहेर. चाळीत आम्हाला ते कधी हाफ पँटीत दिसले नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर : आत ते नंबर होते, बाहेर गावाकडचे कोणीतरी होते, मंडळाचे खजिनदार होते. पांढरा सदरा ही त्यांची स्वतःची वेळ होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हापासून धुतलेल्या कपड्यांचा दिवस असा वेगळा मिळाला असणार, असं मला नेहमी वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आजोबांची मिल पुन्हा धड सुरू झालीच नाही. खुंटीवरची हाफ पँट त्यांनी कधीतरी जाऊन आणली असावी, कारण ती पुढे आजीच्या ट्रंकेत होती, धुऊन, घडी घालून. आजीने बाकी सगळ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. तिला मात्र कात्री लावली नाही.

भातखाचर

आमच्याकडे, म्हणजे तळकोकणात, इरलं. आता बघायला मिळत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, वरून पुन्हा कामट्या बांधून घट्ट केलेले. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते. लावणी करणारी बाई वाकलेली असते, तिचे दोन्ही हात चिखलात असतात. छत्री धरायची कशाने? आणि वाकलेल्या माणसाच्या पाठीला छत्रीचा उपयोगही नाही, पाऊस तिरका येतो. इरल्याचा आकारच वाकलेल्या पाठीचा असतो. उभं राहून घातलं तर ते विचित्र दिसतं, वाकलं की नेमकं बसतं. काजबटण ताई, तुमच्या वडिलांचं उकिडवं माप वाचून मला हेच आठवलं.

दर वर्षी पावसाआधी पानं बदलायची. माझी आई सांगते, शेतात वीस-पंचवीस इरली ओळीने वाकलेली दिसायची आणि आतून गाणं ऐकू यायचं, कोण गातंय ते दिसायचं नाही. मग प्लास्टिकचा कागद आला. स्वस्त, हलका. पण वारा आला की फडफडतो आणि आत घामाने अंग भिजतं ते भिजतंच.

माणदेशी

घोंगड्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. आमच्या भागात धनगर, मेंढपाळ, रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरणारा शेतकरी, सगळ्यांच्या खांद्यावर घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, मऊ स्वेटरच्या कामाची नव्हे. सणगर लोक ती खड्ड्याच्या मागावर विणतात. चिंचोके भिजवून, कुटून त्याची खळ करतात, ती कुंचाने ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना देतात. म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. चार-सहा महिने अंगावर वागवलं की मऊ पडतं.

पाऊस आला की एक कोपरा आत दुमडून त्याची खोळ करायची, ती डोक्यावर. पाणी ओघळून जातं. भिजलं तरी आत ऊब राहते, हे सुती कपड्याला जमत नाही. रात्री तेच अंथरूण, तेच पांघरूण. मेंढरांत तान्हं कोकरू झालं तर त्याच घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर. बसायला पाव्हण्याला तेच. देवाच्या पुढ्यातही तेच अंथरायचं. आमच्यात घोंगड्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचं नाही.

आता लोकरीला भाव नाही. कातरायचा खर्चसुद्धा निघत नाही, माझ्या चुलत्यांनी दोन वर्षं लोकर बांधावर टाकून दिलेली मी बघितली आहे. सोलापुरी चादर आणि बाजारातलं ब्लँकेट स्वस्त पडतं. शहरात मात्र घोंगडं आता आरोग्याला चांगलं म्हणून विकतात. विकू देत. विणणाऱ्याला चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे.

उत्तररात्र

घोंगडीचा विषय निघाला म्हणून. १८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी ठेवली होती. सगळे भरजरी पोशाखात आले आणि जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले, खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटकं पागोटं. दारावर त्यांना अडवल्याचंही सांगतात. तिथे त्यांनी ड्यूकला, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला सुनावलं की इथे जमलेल्या श्रीमंतांवरून या देशाचा अंदाज करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे आणि ती अशी राहते.

फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत, चांगले कपडे घालत. त्या दिवशी त्यांनी घोंगडी निवडली. दरबारात कामाचा कपडा नेणं हेच त्यांचं निवेदन होतं. 'शेतकऱ्याचा असूड' त्याच्या पाचच वर्षं आधी लिहून झाला होता. मला वाटतं, काजबटण यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लाज वाटायची ती कपडा बघणाऱ्याच्या नजरेमुळे, आणि फुल्यांनी ती नजरच उलटवली. आपण कामाचे कपडे अभिमानाने बाहेर घालायला हवेत.

चवदार

उत्तररात्र, फुल्यांबद्दल जे लिहिलंत ते मनापासून पटलं. शेवटच्या वाक्याशी मात्र माझं भांडण आहे.

आमच्या पणजीला कपडा निवडता येत नव्हता. लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायचं, गळ्यात-हातात कथलाचे जड दागिने, हे काम सोपं जावं म्हणून नव्हतं. लांबून बघून जात कळावी म्हणून होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांसमोर भाषण केलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच सांगितलं : ज्या खुणांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात त्या टाकून द्या, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. बायकांनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि सांगणारी प्रत्येक बाई त्या ठिकाणी आपला पदर सारखा करते.

त्यामुळे फुल्यांनी घोंगडी घालणं आणि आमच्या आजोबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घालून सफाईच्या कामाला जाणं, या दोन्ही गोष्टी मला एकाच जातीच्या वाटतात. आजोबा शर्ट गेटवर काढून खाकी चढवायचे आणि येताना पुन्हा शर्ट. पाळी सुटल्यावर कपडे बदलणाऱ्यांना लाज वाटत होती असं म्हणताना जरा थांबा. त्यांना संध्याकाळी माणूस म्हणून घरी जायचं होतं.

उत्तररात्र

चवदार, तुमचं बरोबर आहे. मी निवड असलेल्या माणसाच्या बाजूनेच विचार केला. वाक्य मागे घेतो.

बिल्ला

माझे वडील स्टेशनवर हमाल होते. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला. सदरा मळला की आई धुवायची, पण बिल्ला ते स्वतः चिंचेने घासायचे, दर रविवारी, उन्हात बसून. सदरा रेल्वेच्या रंगाचा आणि बिल्ल्यावरचा नंबर आपला, असं म्हणायचे. डोक्यावरचं लाल कापड पिळून त्याची चुंबळ करायची पद्धत त्यांनी मला शिकवली होती. ओझं मानेवर सरळ उतरायला हवं, एका बाजूला गेलं तर रात्री मान फिरत नाही. मी ती चुंबळ कधी वापरली नाही. हात मात्र अजून विसरले नाहीत.

दंडाचं_लुगडं

माझा आयडी बघून कळलंच असेल. आजीचं नऊवारी लुगडं बसण्या-उठण्याने मधोमध आधी विरायचं, टोकं चांगली राहायची. मग विरलेला पट्टा फाडून टाकायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. त्या जोडाला दंड म्हणतात. लुगडं थोडं आखूड होतं, पण पुन्हा वर्ष-दीड वर्ष काढतं. दंड कुठे येईल हे नेसतानाच ठरवायचं, म्हणजे तो निऱ्यांत लपतो. शेतात कासोटा घट्ट मारला की दिसतोच, पण शेतात सगळ्यांचाच दिसतो.

तिसऱ्यांदा विरलं की त्याची वाकळ. वाकळेतून उरलं ते चुलीजवळचं फडकं. आमच्या घरात कापड संपलं असं कधी झालं नाही, ते फक्त एका कामावरून दुसऱ्या कामाला जायचं.

एल्बेकाठ

मी हांबुर्गला असतो. इथे एक गोष्ट पाहिली ती लिहितो. सुतारकाम शिकून झालेली तरुण मुलं-मुली घर सोडून फिरतीवर निघतात. जुनी प्रथा आहे, तीन वर्षं आणि एक दिवस. या काळात स्वतःच्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत यायचं नाही. अंगावर कायम त्यांचा पोशाख : काळी जाड कॉर्डुरॉयची पँट, पायाशी रुंद, जाकीट, डोक्यावर काळी टोपी. जाकिटाला सहा बटणं, आतल्या बंडीला आठ. सहा दिवस काम, रोज आठ तास, असा त्याचा अर्थ सांगतात.

परवा ट्रेनमध्ये असा एक मुलगा भेटला. पँटच्या गुडघ्याला दोन ठिगळं, वेगवेगळ्या दोऱ्यांनी लावलेली. समोरच्या आजीबाईंनी त्याला आपला डबा उघडून केक दिला. तो पोशाख बघून लोक थांबून गाडीत घेतात, झोपायला जागा देतात. मला आपल्याकडचे बांधकामावरचे सुतार आठवले, लोकलमध्ये त्यांच्या करवतीच्या पिशवीपासून लोक अंग चोरतात. चवदार यांनी लिहिलेलं वाचल्यावर फरक कुठून येतो ते कळलं. इथे त्या कपड्यामागे संघटना आहे आणि माणूस तो स्वतः होऊन चढवतो, ठरलेल्या दिवशी उतरवतोही.

काजबटण

चवदार, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्या प्रश्नात 'लाज' हा शब्द नव्हता, पण मनात तोच होता, हे कबूल करते. अण्णांच्या दुकानामागे एक मोरी होती. पाळी सुटल्यावर काही लोक तिथे हातपाय धुऊन कपडे बदलायचे, अण्णा त्यांच्यासाठी साबणाची वडी आणि आरसा ठेवायचे. मला तेव्हा वाटायचं की हे काय लाड.

एल्बेकाठ, बटणांचा हिशोब वाचून फार आनंद झाला. शिंप्याच्या घरात अशा गोष्टी मुरतात. जीन्सची गोष्टही एका शिंप्याचीच आहे. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली : नवऱ्याची पँट टिकत नाही, काहीतरी कर. त्याच्याकडे घोड्यांच्या पट्ट्यांना ठोकायचे तांब्याचे रिव्हेट पडले होते, ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. अण्णा जिथे हाताने टाके घालायचे, त्याच जागी. पुढे कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. मला त्यातली ती बायको महत्त्वाची वाटते. कपडा कुठे फाटतो हे घालणाऱ्याइतकंच शिवणारीला ठाऊक असतं.

पऱ्हाटी

मी यवतमाळकडचा. तुमी सगळे टिकाऊ कपड्याचं बोलून राहिले, मी जीव वाचवणाऱ्या कपड्याचं बोलतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारनी करता करता विसाहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकड्यानं दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी त्या साली मानसाच्या उंचीची झाली होती. पंप पाठीवर, नोझल वर धरायचं, हवा फिरली का सगळं तोंडावर. अंगात बनियन, खाली गुंडाळलेली पँट, पाय उघडे. नंतर लोकांनी इचारलं, किट काऊन नाही घातली? मी घालून पाह्यली ना. मास्क, चष्मा, हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा. भादव्याच्या उनात अर्धा एकर होत नाही तं चक्कर येते. ज्यानं ते बनवलं त्यानं कपाशीत उभं राहून पाह्यलं नसन.

आता मी काय करतो ते सांगतो. पूर्ण बाह्याचा जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटन. कंबरेपासून खाली प्लास्टिकचा कागद, कारन पऱ्हाटीतून चालताना खालचं अंग सगळ्यात जास्त भिजते. नाकातोंडाला दुपट्टं नाही बांधत, ते औषिद पिते आन् नाकाशी धरून ठेवते. मास्कच लावतो. पहाटे फवारतो, हवा पडली असते तवा. आन् घरी आलो का आंगनातच कपडे काढतो, ते बाकीच्या धुन्यात टाकत नाही. सुती कपडा भिजला तं बदलाच, कारन तोच मंग इषारी होते.

काजबटण ताई, शिंप्यानं यात डोकं लावावं असं लई वाटते.

फडावरची

पहिल्यांदाच लिहितेय. मी बीडची, आईवडील ऊसतोडीला जातात, मी नर्सिंगला आहे.

तुम्ही सगळ्यांनी एवढे कपडे सांगितले. माझ्या आईच्या कामाच्या कपड्याला नावच नाही. साडी, आणि साडीवर वडिलांचा जुना फुलशर्ट. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते आणि देठावर बारीक कूस असते, ती अंगात घुसली की रात्रभर खाजतं, दिसत नाही म्हणून काढता येत नाही. शर्ट त्याच्यासाठी. तो पण वडिलांचा घालून घालून विरला की मगच आईकडे येतो. म्हणजे कोपर आधीच गेलेलं असतं. कॉलर फाटलेली असते. खांदा आईच्या खांद्यापासून चार बोटं खाली पडतो आणि मनगट लांब, म्हणून ती दोनदा दुमडते, मग नेमकं मनगट उघडं राहतं. तिथेच पातं लागतं. आईच्या दोन्ही मनगटांवर पांढऱ्या रेघा आहेत.

उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेताना नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मोजतानाही दोघं एक आणि शर्टही दोघांत एक. हे मी आधी कधी कोणाला बोलले नव्हते.

कलमदान

फडावरची, तुझ्या प्रतिसादानंतर मला एक कायदा आठवला. मी कामगार न्यायालयात वकिली करते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). चालत्या यंत्राजवळ काम करताना अंगालगतचे घट्ट कपडे हवेत आणि ते मालकाने पुरवायचे, असं त्यात लिहिलं. पण कोणाला? विशेष प्रशिक्षण दिलेल्या 'प्रौढ पुरुष कामगाराला'. बाईला त्याच कलमाने चालतं यंत्र पुसायला, तेल घालायला बंदी केली. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण अंगाला बसणारा कपडा देण्याची जबाबदारी जिथे लिहिली गेली, तिथे बाईचं अंग डोळ्यासमोर नव्हतं. आणि शेतातल्या, फडातल्या बाईपर्यंत तर हा कायदा पोचतच नव्हता.

काजबटण

फडावरची, काल रात्री मी अण्णांची वही काढली. सत्तावीस वर्षांची मापं आहेत. एकही बाई नाही. मी स्वतः दुकान चालवायला लागून अकरा वर्षं झाली, बायकांचे ब्लाऊज शेकड्याने शिवले, कामाचा कपडा एकही नाही.

मी एक शर्ट कापते. तुझ्या आईला फोन करून विचारशील का, मी लिहिते त्यात काय चुकतंय?

जाडसर सुती कापड, आधी भिजवलेलं. पूर्ण बाह्या, मनगटाला पट्टी आणि बटण, बगलेत कळी. बाहीचं टोक थोडं पुढे आणून अंगठा अडकवायला भोक, म्हणजे पंजाची मागची बाजू झाकेल. खांद्यावर दुसरा थर. उभी कॉलर. पुढे बटणं. छातीवर एक खिसा. दोन्ही बाजूंना चिरा, म्हणजे साडीवरून नीट बसेल.

फडावरची

आईशी बोलले. फडावर रेंज नाही, म्हणून रात्री. बाजूला चार बायका होत्या, सगळ्या बोलायला लागल्या.

छातीवर खिसा नको. मोळी छातीशी धरून उचलतात, मोबाईल असेल तर रुततो. खिसा आत हवा, डाव्या बाजूला, आणि त्याला बटण, कारण पैसे त्यातच असतात. खांद्यापेक्षा मानेच्या मागे दुसरा थर द्या, मोळी डोक्यावरून तिथे टेकते. लांबी मांडीच्या अर्ध्यापर्यंतच, फळीवरून गाडीत चढताना पायात येता कामा नये. पुढची बटणं मोठी द्या, पहाटे थंडीत बोटं वळत नाहीत आणि लेकराला पाजायचं असतं. एक मावशी म्हणाली, मासिक पाळीत कपडा बदलायला आडोसा नसतो, तर बाजूच्या चिरा फार वर नकोत.

आईने विचारलं, पैसे किती. मी काही बोलले नाही.

काजबटण

पहिले पाच माझ्याकडून. बोलायचं काम नाही. पुढचं पुढे बघू.

पऱ्हाटी

ताई, कापडाचे पैसे मी देतो. कपाशीचंच कापड आहे ना.

साचेखातं

माझेही धरा. आणि शिवायला आणखी हात लागले तर आमच्या चाळीत दोन मशिनी आहेत.

काजबटण

पाच शर्ट गेल्या सोमवारी एसटीने पाठवले.

फडावरची

पोचले. तीन आठवडे झाले घालून. आईने सांगितलं तसं लिहिते.

मनगट झाकलं जातं. अंगठ्याचं भोक राहू द्या, पण डाव्या हाताचंच, कोयत्याच्या हातात ते अडतं. उभी कॉलर घामाने मानेला घासते, ती आडवी करा. आतला खिसा चांगला आहे. एकीचा बगलेत उसवला, पण ती म्हणाली की मीच घाईत कोयता मारला, शिवणीचा दोष नाही. कळी तशीच आहे.

वडिलांनी विचारलं की माझ्या मापाचा मिळेल का.

आणि सगळ्यात शेवटी : रंग खाकी नको म्हणाल्या. पाचही जणी. लाल मिळेल का?

काजबटण

आजच बाजारातून आणलं. लाल. रंग जातो का बघायला रात्री पाण्यात घालते.